जेम्स स्टार्ली : ताणावर तोललेले चाक

सायकलच्या मागच्या चाकातला एखादा स्पोक तुटला, तरी सायकल लगेच थांबत नाही. चाक किंचित डुलू लागते, रिम एका बाजूच्या ब्रेकरबराला घासू लागते आणि चालवणाऱ्याला काहीतरी बिनसल्याची जाणीव होते. मग दुकानातला कारागीर नवा स्पोक घालतो, निप्पल आवळतो, चाक फिरवून त्याचा आऊट काढतो आणि सायकल पुन्हा रस्त्यावर येते. हे काम इतके नेहमीचे झाले आहे, की त्यामागे कोणा एका माणसाची बुद्धी राबली असेल, असा विचार सहसा मनात येत नाही. बारीक पोलादी तारांवर माणसाचे वजन पेलणारे चाक व्यवहारात आणण्याचे मोठे श्रेय मात्र एका इंग्रज कारागिराकडे जाते. त्यांचे नाव जेम्स स्टार्ली.

ब्रिटनमध्ये त्यांना सायकल उद्योगाचे जनक मानले जाते. अभियांत्रिकीचे कोणतेही शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. शेतमजुरी, बागकाम आणि शिलाई यंत्रांचा कारखाना अशा तीन टप्प्यांनंतर, वयाच्या चाळिशीत, ते सायकलकडे वळले. त्यानंतर त्यांना जेमतेम अकरा-बारा वर्षांचे आयुष्य लाभले. तेवढ्या काळात त्यांनी चाकाच्या रचनेत जो बदल घडवला, त्यावर जगातल्या बहुसंख्य सायकली आजही धावत आहेत.

शेतातून बागेत, बागेतून कारखान्यात

जेम्स स्टार्ली यांचा जन्म २१ एप्रिल १८३० रोजी दक्षिण इंग्लंडमधील ससेक्स परगण्यातल्या ऑलबोर्न या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. वयाच्या नवव्या वर्षीच ते शेतावर कामाला लागले. शेतीत त्यांचे मन रमले नाही. हात सतत काहीतरी घडवण्यात गुंतलेले असत. लहानपणी त्यांनी उंदीर पकडण्याचे सापळे तयार केल्याच्या आठवणी सांगितल्या जातात. किशोरवयात त्यांनी घर सोडले आणि ते लंडनच्या दिशेने निघाले.

लंडनजवळच्या ल्युइशम भागात जॉन पेन या नामांकित अभियंत्याच्या बंगल्यावर त्यांना बागेतील मदतनीसाचे काम मिळाले. पेन हे जहाजांची वाफेची इंजिने बनविणारे मोठे कारखानदार होते. दिवसभर बागेत राबणारा हा तरुण फावल्या वेळात घड्याळे दुरुस्त करी आणि घरगुती उपयोगाच्या नाना युक्त्या लढवी. एकदा पेन यांच्या घरातले शिलाई यंत्र बिघडले. त्या काळी असे यंत्र दुर्मिळ आणि महागडे होते. स्टार्ली यांनी ते उघडले, त्यातला दोष शोधला आणि दुरुस्त करून दिले. त्यात काय सुधारणा करता येईल, हेही त्यांच्या ध्यानात आले.

पेन यांनी माणूस ओळखला. शिलाई यंत्रांच्या व्यवसायात असलेले जोसाया टर्नर हे त्यांच्या परिचयाचे होते. त्यांच्यामुळे १८५९ मध्ये स्टार्ली यांना न्यूटन, विल्सन आणि कंपनीच्या लंडनमधील कारखान्यात प्रवेश मिळाला. थोड्याच काळात टर्नर आणि स्टार्ली यांनी स्वतंत्र धंदा करण्याचे ठरविले. त्यासाठी त्यांनी मध्य इंग्लंडमधील कोव्हेंट्री हे शहर निवडले. १८६१ च्या सुमारास तेथे कोव्हेंट्री शिलाई यंत्र कंपनी उभी राहिली.

कामाच्या शोधातले शहर

कोव्हेंट्रीची निवड महत्त्वाची ठरली. हे शहर पिढ्यानपिढ्या रेशमी फिती विणणारे आणि घड्याळे घडविणारे. १८६० मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात व्यापारी करार झाला, फ्रेंच रेशमी मालावरची जकात उठली आणि स्वस्त फ्रेंच फितींपुढे कोव्हेंट्रीचे माग बंद पडू लागले. हजारो विणकर बेकार झाले. अनेक कुटुंबांनी शहर सोडले, काहींनी देशही सोडला. मागे राहिले ते बारीक काम करण्याची सवय असलेले हात. त्यांना कामाची गरज होती आणि नव्या कारखान्यांना अशाच हातांची.

शिलाई यंत्रांचा धंदा काही काळ बरा चालला. पण त्या क्षेत्रात स्पर्धा वाढत होती. अशा वेळी, १८६८ मध्ये, जोसाया टर्नर यांचे पुतणे रोली टर्नर यांनी पॅरिसहून एक फ्रेंच व्हेलोसिपीड कोव्हेंट्रीच्या कारखान्यात आणली. पुढच्या चाकाला थेट पॅडल बसवलेली ही दुचाकी त्या वेळी पॅरिसमध्ये गाजत होती. फ्रान्सला पाठवण्यासाठी अशा चारशे गाड्या कारखान्याने बनवाव्यात, असा प्रस्ताव पुढे आला. कंपनीने तो स्वीकारला आणि १८६९ मध्ये आपले नाव बदलून कोव्हेंट्री मशिनिस्ट्स कंपनी असे केले. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटल्यामुळे फ्रान्सची बाजारपेठ बंद झाली. गाड्या मायदेशातच विकणे भाग पडले आणि कोव्हेंट्रीच्या सायकल उद्योगाचा पाया असा काहीसा अपघातानेच घातला गेला.

हाडे खिळखिळी करणारी गाडी

ती फ्रेंच गाडी म्हणजे जवळपास चालती बैलगाडीच होती. लाकडी चाके, लाकडी आरे आणि वर लोखंडी धाव. दगडी फरसबंदीवरून जाताना ती चालवणाऱ्याची हाडे खिळखिळी करी, म्हणून इंग्रजांनी तिला बोनशेकर हे नाव दिले होते. स्टार्ली यांनी आधी तिच्यात लहानसहान सुधारणा केल्या. चढण्यासाठी पायरी बसवली, बैठकीखाली स्प्रिंग दिली, मागचे चाक लहान केले. तथापि गाडीचे खरे ओझे चाकांतच होते, हे त्यांनी ओळखले.

लाकडी चाकाचे तत्त्व सोपे आहे. भार तुंब्यावर येतो आणि तुंबा खालच्या आऱ्यांवर उभा राहतो. त्या क्षणी जमिनीकडे असलेला आरा खांबाप्रमाणे दाब सहन करतो. खांब वाकू नये, म्हणून तो जाड हवा आणि जाड आरा म्हणजे वजन आलेच. लोहार तापवलेली लोखंडी धाव चाकावर चढवून पाणी ओततो, ती आकसते आणि सगळे चाक घट्ट आवळले जाते. त्यामुळे चाक भक्कम होते, पण हलके होत नाही.

बारीक तार याच्या अगदी उलट वागते. ती दाबली तर लगेच वाकते, मात्र ओढली तर आश्चर्यकारक वजन पेलते. चाकाचे आरे दाबाखाली ठेवण्याऐवजी ओढीखाली ठेवले, तर ते काडीइतके बारीक चालतील, ही कल्पना स्टार्ली यांच्याही आधीची. विमानविद्येचे आद्य अभ्यासक सर जॉर्ज केली यांनी आपल्या उडत्या यंत्रासाठी हलके चाक हवे म्हणून १८०८ मध्येच ती मांडली होती. पॅरिसचे यूजीन मेयर यांनी १८६९ मध्ये तारांच्या चाकाचे पेटंट घेऊन तशी दुचाकी तयारही केली. त्यामुळे तारेचे चाक एकट्या स्टार्ली यांनी शोधले, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. त्यांचे कर्तृत्व निराळे आहे. ही कल्पना कारखान्यात घडवता येईल, बाजारात विकता येईल आणि पॅडलचा जोर सहन करील, अशा रूपात त्यांनी आणली.

एरियलचे यश आणि एक उणीव

१८७० मध्ये स्टार्ली आणि त्यांचे सहकारी विल्यम हिलमन यांनी नव्या सायकलचे पेटंट घेतले. तिचे नाव एरियल. सांगाडा धातूचा, चाके तारांची, पुढचे चाक मोठे आणि मागचे लहान. पॅडल पुढच्या चाकालाच जोडलेले असल्यामुळे पायाच्या एका फेरीत गाडी किती पुढे जाईल, हे त्या चाकाच्या घेरावर ठरे. लाकडी चाक फार मोठे करता येत नसे, कारण त्याचे वजनही वाढे. तारेच्या चाकाने ती अडचण दूर केली. चालवणाऱ्याचे पाय पोहोचतील तितके चाक वाढू लागले आणि पुढे पेनी-फार्दिंग या टोपणनावाने ओळखली गेलेली उंच सायकल अवतरली. एरियलची किंमत आठ पौंड ठेवण्यात आली होती. स्टार्ली आणि हिलमन लंडनहून निघून एकाच दिवसात ९६ मैल अंतर कापत सायकलवरून कोव्हेंट्रीला पोहोचले, अशी कथा सांगितली जाते. नव्या गाडीची यापेक्षा चांगली जाहिरात दुसरी कोणती होणार?

एरियलच्या चाकात तारा तुंब्यापासून रिमपर्यंत सरळ, त्रिज्येच्या दिशेने गेलेल्या होत्या. त्यांना ताण देण्याची युक्ती वैशिष्ट्यपूर्ण होती. तुंब्याला आडव्या दांड्या जोडलेल्या असत आणि दांड्यांच्या टोकांपासून रिमपर्यंत जादा तारा नेलेल्या असत. या जादा तारा आवळल्या, की तुंबा रिमच्या तुलनेत किंचित फिरे आणि सगळ्या तारा एकदमच ताणल्या जात. चाक जुळवणे आणि ताणणे ही दोन्ही कामे त्यामुळे एका झटक्यात होत. कारखानदाराच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती.

उणीवही याच सोयीत होती. सगळ्या तारांना एकत्र ताण देणाऱ्या दांड्यांना एखादी तार सैल आहे आणि शेजारची अति घट्ट आहे, हे कळण्याचा मार्ग नव्हता. तार तुटून नवी घातली, तर तिचा एकटीचा ताण इतरांशी जुळवून देण्याचे काम त्या दांड्या करू शकत नव्हत्या. त्याच सुमारास लंडनचे डब्ल्यू. एच. जे. ग्राउट यांनी दुसरा मार्ग काढला. त्यांनी प्रत्येक तारेच्या टोकाला आटे पाडून ते टोक रिममधल्या निप्पलमध्ये बसवले. निप्पल फिरवला, की तेवढीच एक तार ताणली जाई. आज सायकलच्या दुकानात जी किल्ली फिरते, ती याच विचाराची वारसदार आहे.

स्पर्शिकेची मांडणी

त्रिज्येच्या दिशेने लावलेल्या तारांत आणखी एक दोष होता. त्या भार पेलत, पण पीळ पेलत नसत. पॅडलवर जोर दिला, की आधी तुंबा फिरे, तारा तिरक्या होत आणि मगच रिम हले. तुंब्यापासून सरळ बाहेर जाणारी तार तुंब्याला फिरण्यापासून रोखू शकत नाही. दाराच्या बिजागरीवरच बोट ठेवून दार ढकलण्यासारखाच तो प्रकार.

१८७४ मध्ये स्टार्ली यांनी यावर जे उत्तर शोधले, ते त्यांच्या कारकिर्दीचे शिखर म्हणावे लागेल. त्यांनी तारा तुंब्याच्या मध्यातून बाहेर न नेता तुंब्याच्या कडेला स्पर्शिकेप्रमाणे लावल्या. निम्म्या तारा फिरण्याच्या दिशेने पुढे झुकलेल्या, निम्म्या मागे झुकलेल्या. दोन्ही गट एकमेकांना ओलांडून रिमला पोहोचतात. पॅडल मारले, की एका गटाचा ताण वाढतो, दुसऱ्याचा तेवढाच कमी होतो आणि तुंब्याचा जोर थेट रिमला मिळतो. दांड्यांची गरजच उरली नाही.

कोव्हेंट्रीच्या हेन्स अँड जेफरिस या कंपनीने ही चाके असलेल्या सायकली बाजारात आणल्या. नवी मांडणी सर्वांनी तत्काळ स्वीकारली, असे मात्र झाले नाही. अनेक उंच सायकली पुढची कित्येक वर्षे सरळ तारांवरच धावत राहिल्या. पण साखळीने मागचे चाक फिरवणाऱ्या सायकली आल्या आणि स्पर्शिकेच्या मांडणीला पर्याय उरला नाही. स्पर्शिकेची मांडणी आणि प्रत्येक तारेला स्वतंत्र निप्पल या दोन गोष्टी एकत्र आल्या, तेव्हा आजचे सायकलचे चाक पूर्ण झाले. भारतीय रस्त्यांवरच्या पारंपरिक काळ्या सायकलीत पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असत, तेही याच पद्धतीने विणलेले. मागे अधिक, कारण चालवणाऱ्याचे बरेचसे वजन आणि साखळीचा जोर दोन्ही मागच्या चाकावर येतात.

तुटलेला स्पोक काय सांगतो?

स्टार्ली यांच्या चाकाचे मर्म समजून घ्यायचे, तर ते बिघडल्यावर आणि दुरुस्त होताना पाहावे. चाकातला प्रत्येक स्पोक रिमला आपल्याकडे ओढत असतो. डाव्या बाजूचे स्पोक डावीकडे, उजव्या बाजूचे उजवीकडे. या ओढाताणीचा तोल साधलेला असतो तोवर रिम मधोमध धावते. उजवीकडचा एक स्पोक तुटला, की तेथील रिम डावीकडे सरकते. चाक आऊट होते ते असे.

भार आल्यावर काय घडते, हेही समजून घेण्यासारखे आहे. वजन पेलताना चाकाच्या खालच्या भागातल्या स्पोकांचा ताण थोडा कमी होतो. इतर स्पोकांच्या ताणात फारसा फरक पडत नाही. अमेरिकी अभियंता जॉब्स्ट ब्रँट यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या सायकलच्या चाकावरील पुस्तकात हे आकडेमोडीसह मांडले. मोठ्या चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर धरला, तर एका किलोमीटरमध्ये ते साधारण साडेचारशे वेळा फिरते. म्हणजे रोज १० किलोमीटर सायकल चालवणाऱ्याच्या चाकातील प्रत्येक स्पोक दिवसातून साडेचार हजार वेळा सैलावतो आणि पुन्हा ताणला जातो. मूळ ताण पुरेसा असेल, तर हा चढउतार त्याला जाचत नाही. ताण अपुरा असेल, तर तो प्रत्येक फेरीत पूर्ण ढिला पडतो, तुंब्याजवळच्या वाकात हलत राहतो आणि एके दिवशी धातू थकून तेथेच तुटतो. स्पोक फार आवळल्यामुळे तुटला, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात पुष्कळदा तो कमी ताणामुळे किंवा असमान ताणामुळे तुटलेला असतो.

म्हणूनच नवा स्पोक घालणे हे अर्धेच काम ठरते. नवा स्पोक जुन्याच लांबीचा आणि जाडीचा हवा. शेजारचे स्पोक जसे एकमेकांच्या वरून-खालून गेलेले असतात, तसाच तोही ओवला गेला पाहिजे. निप्पलमधून टोक वर आले असेल, तर कानस मारून ते सपाट करावे लागते, नाहीतर ते ट्यूबमध्ये घुसते. स्पोक तुटल्यानंतर तात्पुरती सोय म्हणून शेजारच्या स्पोकांची ओढ कमी-जास्त करून आऊट काढला असेल, तर ती तडजोड आधी सोडवावी लागते. तसे न करता नवा स्पोक आवळत बसले, तर चाक सरळ होते, पण त्याच्या पोटात जुने भांडण कायम राहते.

त्यानंतर कसोटी लागते ती हाताची आणि कानाची. नवा स्पोक थोडा थोडा आवळत बोटाने छेडायचा आणि त्याचा आवाज त्याच बाजूच्या इतर स्पोकांशी ताडून पाहायचा. तंबोऱ्याच्या तारेचा नियम येथेही लागू आहे. आवाज चढा तर ताण जास्त, आवाज उतरता तर ताण कमी. मागच्या चाकात दोन्ही बाजूंचे आवाज सारखे येत नाहीत. साखळीच्या बाजूला दातेरी चक्रांना जागा द्यावी लागते, त्यामुळे त्या बाजूचे स्पोक अधिक उभे बसतात आणि रिम मधोमध राखण्यासाठी त्यांना जास्त ताण लागतो. तुलना एका बाजूच्या स्पोकांची आपसांतच करायची असते.

आवाज जुळले, की चाक फिरवून पाहायचे. रिम डावीकडे येत असेल, तर त्या जागेचे उजवीकडचे स्पोक पाव फेरी आवळायचे आणि डावीकडचे तेवढेच सोडायचे. रिम वर उठत असेल, तर तेथील दोन्ही बाजूंचे स्पोक सारखेच आवळायचे. एका स्पोकवर सगळा राग काढायचा नाही. दोष चार-पाच स्पोकांत वाटून दुरुस्त करायचा. शेवटी समांतर स्पोकांच्या जोड्या मुठीत धरून जोराने आवळायच्या, म्हणजे पिळलेले स्पोक मोकळे होतात आणि वाक तुंब्यावर नीट बसतात. मग पुन्हा एकदा चाक फिरवून पाहायचे. रिमच मुळात वाकलेली असेल, तर मात्र स्पोकांच्या ताणाने ती झाकता येते, बरी करता येत नाही.

सरळ दिसणारे चाक आणि समतोल चाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जाणकार कारागीर अनुभवाने शिकतो. ताण असमान ठेवूनही चाक सरळ फिरवता येते. ते दुकानातून बाहेर पडताना निर्दोष दिसते आणि महिनाभरात दुसरा स्पोक तोडून परत येते.

झुडपात सुचलेली युक्ती

स्टार्ली यांची प्रतिभा चाकापाशीच थांबली नाही. उंच सायकल तरुणांची होती. तिच्यावर चढणे अवघड आणि तिच्यावरून तोंडघशी पडणे सोपे. लांब झगे घालणाऱ्या स्त्रिया आणि वयस्कर माणसे यांना ती परवडणारी नव्हती. त्यांच्यासाठी स्टार्ली यांनी १८७६ मध्ये तीनचाकी कोव्हेंट्री ट्रायसिकल तयार केली.

दोघांनी शेजारी बसून चालवायच्या गाडीवर ते काम करीत असताना एक अडचण उभी राहिली. दोन्ही चालक आपापले चाक फिरवत. मुलगा विल्यम तरुण आणि जोरकस, वडील पन्नाशीकडे झुकलेले. दोघांच्या जोरात फरक पडला, गाडी वळली आणि पितापुत्र रस्त्याकडेच्या खाजऱ्या झुडपांत जाऊन पडले, अशी हकीकत सांगितली जाते. दोन्ही चाकांना जोर समान मिळावा, तरीही वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक फिरता यावे, यासाठी स्टार्ली यांनी डिफरन्शियल गिअरची योजना केली. ते तत्त्व फ्रान्समध्ये आधी मांडले गेले होते. स्टार्ली यांनी ते १८७७ च्या सॅल्व्हो या गाडीत बसवले. पुढे मोटारीच्या मागच्या आसात हाच गिअर अपरिहार्य ठरला.

१८८१ मध्ये आइल ऑफ वाइट बेटावर राणी व्हिक्टोरिया यांच्या बग्गीपुढून एक तरुणी सॅल्व्होवरून झपाट्याने गेली. राणीला कुतूहल वाटले. दोन गाड्यांची मागणी नोंदवली गेली आणि त्या पोहोचतील तेव्हा त्यांचा निर्माता हजर असावा, अशी इच्छाही कळवली गेली. ऑलबोर्नचा शेतकऱ्याचा मुलगा ऑस्बोर्नच्या राजवाड्यात राणीपुढे उभा राहिला. भेटीची आठवण म्हणून त्यांना एक घड्याळ देण्यात आले. तरुणपणी फावल्या वेळात लोकांची घड्याळे दुरुस्त करणाऱ्या माणसाला मिळालेली ही भेट होती. त्यानंतर त्या गाडीचे नाव रॉयल सॅल्व्हो झाले.

हा सन्मान त्यांना फार काळ उपभोगता आला नाही. कर्करोगाने १७ जून १८८१ रोजी कोव्हेंट्रीत त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ५१ वर्षांचे होते.

मागे राहिलेले शहर

स्टार्ली यांच्या हाताखाली आणि भोवती वावरलेल्या माणसांनी पुढे जे उभारले, त्यावरून त्यांच्या कामाचा आवाका लक्षात येतो. पुतणे जॉन केम्प स्टार्ली १८७२ मध्ये काकांकडे काम करण्यासाठी कोव्हेंट्रीत आले होते. त्यांनी १८८५ मध्ये रोव्हर ही सुरक्षित सायकल सिद्ध केली. जवळपास सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळी, म्हणजेच आज आपण जिला सायकल म्हणतो ते रूप. पोलिश भाषेत सायकलला आजही याच नावावरून आलेला शब्द वापरतात. विल्यम हिलमन यांचे नाव पुढे मोटारींवर झळकले. रोव्हर कंपनीही मोटारींकडे वळली. रेशमी फितींचा धंदा बुडाल्याने हवालदिल झालेले कोव्हेंट्री काही दशकांतच सायकलींचे आणि मग मोटारींचे शहर बनले.

सायकलची ही लाट महाराष्ट्राच्या वेशीवरही लवकरच येऊन पोहोचली. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे छोटे दुकान थाटले, ते स्टार्ली यांच्या मृत्यूनंतर अवघ्या सात वर्षांनी. पुढे लोखंडी नांगर आणि पंपांपर्यंत गेलेल्या एका मोठ्या मराठी उद्योगाची सुरुवात या दुकानापासून झाली. शिलाई यंत्राने स्टार्ली यांना जसे यंत्रांच्या जगात आणले, तसेच सायकलने किर्लोस्करांना आणले.

ताणावर तोललेल्या चाकाचे तत्त्वही सायकलपुरते उरले नाही. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात जॉर्ज फेरिस यांनी उभारलेला प्रचंड पाळणा ओढीच्या सळ्यांवर तोललेला होता. २००० मध्ये लोकांसाठी खुले झालेले लंडन आय हे १३५ मीटर उंचीचे चक्रही पोलादी दोरांच्या ताणावर उभे आहे. दुरून पाहणाऱ्याला ते सायकलच्या चाकासारखे दिसते आणि त्याचे काम चालते तेही बऱ्याच अंशी तसेच.

स्टार्ली यांच्या स्मरणार्थ कोव्हेंट्रीच्या नागरिकांनी १८८४ मध्ये स्मारक उभारले. ग्रेफ्रायर्स ग्रीन येथे ते आजही आहे. सेनापती आणि राजकारणी यांच्या पुतळ्यांच्या त्या काळात एका कारागिरासाठी शहराने असे स्मारक करावे, ही साधी गोष्ट नव्हती. बेकार झालेल्या हजारो हातांना या माणसाने नवा धंदा मिळवून दिला, याची जाणीव शहराला होती. त्यांच्या चाकाचा एकही स्पोक एकट्याच्या बळावर भार पेलू शकत नाही. शेजारचे जोवर आपापला ताण धरून आहेत, तोवरच तो बारीक तारेचा तुकडा माणसाचे वजन उचलतो.